फुगवायची मॅट : पंक्चर काढणं, जोडणं आणि कापून हलकी करणं

दिवाळीच्या सुमारास सातमाळ रांगेतलं गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. मोज्यांत, बुटाच्या लेसमध्ये, सॅकच्या पट्ट्यांत, जिथे कापड मिळेल तिथे ती घुसतात. नाशिकच्या ट्रेकरला हे वेगळं सांगायला नको. पण फुगवायची मॅट नवीनच घेतलेल्यांना एक गोष्ट बहुधा माहीत नसते. तेच कुसळ मॅटच्या कापडातूनही आत जातं. भोक इतकं बारीक पडतं की डोळ्यांना दिसत नाही. झोपताना मॅट टणक असते आणि पहाटे तीन वाजता कंबर कातळाला टेकलेली असते.

माझ्या पहिल्या मॅटचं धोडपच्या गुहेत हेच झालं. हट्टी गावातून चढताना ती मी सॅकच्या बाहेर बांधली होती, कारण आत जागा उरली नव्हती. घरी आल्यावर सगळ्यांचा एकच सल्ला होता, आता ही टाकून दे. मी टाकली नाही आणि तीच मॅट आजही वापरते. तिच्यावर चार ठिगळं आहेत आणि लांबीने ती आता दोन तृतीयांशच उरली आहे. हे सगळं घरच्या गच्चीवर, साध्या सामानाने झालं. तुमच्याकडूनही होईल, फक्त घाई करायची नाही.

आधी आपली मॅट कशाची आहे ते बघा

ट्रेकला मॅट तीन तऱ्हेच्या दिसतात. पहिली साध्या फोमची कॅरीमॅट. ती पंक्चर होत नाही, म्हणून इथे तिचं काम फक्त मदतनिसाचं. दुसरी आपोआप फुगणारी : आत स्पंज असतो, व्हॉल्व्ह उघडला की तो हवा ओढून घेतो. तिसरी नुसत्या हवेची, आडव्या किंवा उभ्या नळ्यांची, गुंडाळल्यावर पाण्याच्या बाटलीएवढी होणारी. हा लेख दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

हलक्या मॅटचं कापड नायलॉनचं किंवा पॉलिएस्टरचं असतं आणि त्यावर २० डी, ३० डी असं लिहिलेलं असतं. डी म्हणजे डेनियर. ९००० मीटर धाग्याचं वजन २० ग्रॅम भरलं, तर तो धागा २० डेनियरचा. कापड किती तलम आहे याचा अंदाज यावरून येतो. हे कापड स्वतः हवा धरत नाही. हवा धरतो तो आतल्या बाजूचा टीपीयूचा पातळ थर. टीपीयू म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन, आणि या नावातच दुरुस्तीच्या दोन्ही वाटा आहेत. थर्मोप्लास्टिक आहे म्हणून तो तापवला की मऊ होतो आणि गार झाला की पुन्हा घट्ट होतो, म्हणजे इस्त्रीने जोडता येतो. पॉलियुरेथेन आहे म्हणून पॉलियुरेथेनचाच गोंद त्याला धरतो.

काही स्वस्त मॅट मात्र पीव्हीसीच्या असतात. त्या जड, रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या असतात, नवेपणी उग्र वास येतो आणि बऱ्याचदा कापड नसतंच. पीव्हीसीला कधीही इस्त्री लावू नका. जास्त तापलं की त्यातून घातक धूर येतो. तिच्यासाठी तिच्यासोबत आलेलं पीव्हीसीचं ठिगळ आणि त्याचाच गोंद वापरा. पुढचं सगळं टीपीयूच्या मॅटबद्दल आहे.

खरंच गळतेय का?

हा प्रश्न वेडगळ वाटेल, पण गळती शोधायच्या आधी याचं उत्तर हवं. संध्याकाळी ३० अंशांत फुगवलेली मॅट पहाटे १० अंशांत असेल, तर आतली हवा गार होऊन साधारण ७ टक्के आकसते. तोंडाने फुगवली असेल तर श्वासाची हवा आणखी गरम असते, म्हणून फरकही जास्त पडतो. थंडीच्या लाटेत निफाडचा पारा ५ अंशांच्या आसपास किंवा त्याखाली जातो, गडाच्या माथ्यावर वाराही असतो. अशा रात्री धडधाकट मॅटसुद्धा पहाटे मऊ लागते. त्यावर उपाय एवढाच : फुगवल्यावर अर्धा तास थांबायचं, मॅट गार होऊ द्यायची आणि झोपायच्या आधी दोन फुंका वाढवायच्या.

खात्री करायची असेल तर घरात, जिथे तापमान फारसं बदलत नाही अशा खोलीत मॅट घट्ट फुगवा. वर अंथरुणाच्या गाद्या किंवा तांदळाचं पोतं ठेवा आणि रात्रभर सोडून द्या. सकाळी बोटाने दाबून बघा. किंचित मऊ झाली असेल तर चालेल. पोतं जमिनीला टेकलं असेल तर भोक आहे.

भोक शोधणं

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. माझ्या पाहण्यात फसलेल्या दुरुस्त्यांपैकी बहुतेक गोंदामुळे नाही, तर चुकीच्या जागी गोंद लावल्यामुळे फसल्या आहेत. एक भोक सापडलं की माणूस खूश होऊन थांबतो. शेजारी दुसरं असतंच.

पहिली पायरी कानाची. रात्री पंखा बंद करा. मॅट पूर्ण फुगवा, व्हॉल्व्ह बंद करा आणि एका टोकाकडून घडी घालून तिच्यावर गुडघा टेका, म्हणजे उरलेल्या भागात दाब वाढेल. कान कापडाच्या जवळून हळूहळू फिरवा. मोठी गळती सुस्कारते. बारीक गळतीसाठी ओठ ओले करून कापडालगत न्या. ओल्या ओठाला हवेची जी झुळूक कळते ती बोटाला कळत नाही.

दुसरी पायरी व्हॉल्व्हची. तांब्यात पाणी घ्या आणि बंद केलेला व्हॉल्व्ह त्यात बुडवून मॅट दाबा. बुडबुडे आले तर दोष कापडात नाही, व्हॉल्व्हमध्ये आहे. त्याचा इलाज पुढे सांगते.

तिसरी पायरी साबणाची. अर्धा लिटर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे आठ-दहा थेंब टाकून स्पंजने ते हलकेच लावत जा. क्रम ठरवून ठेवा : आधी कडेची शिवण, मग नळ्यांमधले जोड, मग खालची बाजू, शेवटी वरची. कुसळं आणि काटे बहुतेक खालून येतात. फेस जिथे कोळ्याच्या जाळीसारखा वाढत राहतो, तिथे भोक.

एवढ्यानेही सापडलं नाही, तर पाण्यात बुडवावं लागतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हे जमणं कठीण. बादलीत मॅट मावत नाही आणि टब सगळ्यांकडे नसतो. माझी मॅट मी निफाड तालुक्यात मामाच्या मळ्यात नेली. तिथे गुरांना पाणी पाजायचा सिमेंटचा हौद आहे. मामा म्हणाले, "शेततळ्यात नको हं घालू, कागदावर पाय ठरत नाही." त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. शेततळ्याचा प्लॅस्टिकचा कागद शेवाळाने निसरडा होतो आणि आत घसरलेल्याला बाहेर यायला काही धरायलाही सापडत नाही. कितीही सोयीचं वाटलं तरी शेततळ्यात मॅट तपासू नका. हौद, लहान मुलांचा फुगवायचा टब किंवा खोल परात चालेल. परातीत एका वेळी दोन-दोन नळ्या बुडवत जायचं, वेळ लागतो पण काम होतं.

बुडवल्यावर पहिला मिनिटभर काही ठरवू नका. कापडाच्या विणीत अडकलेली हवा हजार बुडबुडे दाखवते. ते हाताने पुसून टाका. पुसल्यावर त्याच जागी पुन्हा, एका मागोमाग एक बुडबुडे आले तर ती गळती. हौदात माझ्या मॅटच्या खालच्या बाजूने, तिसऱ्या नळीच्या कडेला, मोहरीएवढा एक बुडबुडा फुगायचा, सुटायचा आणि दहा-बारा सेकंदांनी पुन्हा दिसायचा. बस, एवढाच. कापड वळवून उन्हात तिरकं धरलं तेव्हा कुसळाचं मोडलेलं टोक दिसलं, अजून तिथेच रुतलेलं. ते काढल्यावर बुडबुडे भरभर यायला लागले. म्हणून गोंद लावण्यापूर्वी ती जागा चिमट्याने तपासा. टोक आत राहिलं, तर ते ठिगळालाही आतून टोचत राहतं.

खूण करायची पद्धत आधी ठरवा, कारण ओल्या कापडावर पेन उमटत नाही. मी कागदावर लिहून ठेवते : खालची बाजू, व्हॉल्व्हकडून तिसरी नळी, डाव्या कडेपासून एक वीत. जागा पुसून कोरडी केली की पक्क्या मार्करने भोकाभोवती मोठं वर्तुळ काढते, साधारण एका इंचावरून. शाई गोंदाच्या खाली येता कामा नये. आणि वर्तुळ काढून झालं तरी उरलेली मॅट तपासल्याशिवाय उठू नका.

गोंद

सायकलच्या ट्यूबचं सोल्युशन इथे उपयोगाचं नाही. मेन रोडच्या मागच्या गल्लीत एका पंक्चरवाल्या काकांनी माझ्यासाठी अगदी मनापासून पॅच लावून दिला होता. दोन दिवसांनी तो नखाने निघाला. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. ते सोल्युशन रबरासाठी असतं आणि टीपीयूशी त्याची सोयरीक जुळत नाही. क्षणात चिकटणारा गोंद काचेसारखा कडक होतो आणि मॅटची पहिली घडी घालताच तडकतो. मळून लावायचं एपॉक्सी याच कारणाने बाद. पाइप जोडायचं सोल्युशन तर टीपीयूचा थरच खराब करू शकतं.

लागतो तो वाळल्यावरही लवचीक राहणारा पॉलियुरेथेनचा गोंद. तंबूच्या शिवणी बुजवण्यासाठी सीम ग्रिपसारख्या ज्या ट्यूब ऑनलाइन मिळतात, त्या याच जातीच्या. घेताना डब्यावर पॉलियुरेथेन किंवा युरेथेन हा शब्द आहे का ते बघा. हा शब्द सापडेपर्यंत घेऊ नका.

या गोंदाची एक गंमत आहे. तो हवेतल्या ओलाव्याने पक्का होतो. म्हणून पावसाळ्यात लवकर धरतो आणि एप्रिलच्या कोरड्या उन्हाळ्यात जास्त वेळ घेतो. याच कारणाने एकदा उघडलेली ट्यूब आतल्या आत घट्ट होऊन वाया जाते. तोंड पुसून, टोपण घट्ट लावून, हवाबंद डबीत घालून ती फ्रीझरमध्ये ठेवली तर बरीच टिकते. डबीवर मोठ्या अक्षरांत "गोंद" लिहा. घरात सगळेच फ्रीझर उघडतात.

आता काम. मॅट पूर्ण रिकामी करून टेबलावर सपाट पसरा आणि व्हॉल्व्ह उघडा ठेवा. उघडा ठेवायचा तो एवढ्यासाठी की दुपारी आतली हवा तापली तर ती गोंदातून वाट काढू नये. मेडिकलमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोलचे छोटे पाकीटबंद स्वॅब मिळतात. एका स्वॅबने जागा पुसा, दुसऱ्याने पुन्हा पुसा. अंगाचं तेल, सनस्क्रीन, साबण, यातलं काहीही राहिलं तरी गोंद कापडाला न धरता मळाला धरतो. दहा मिनिटं वाळू द्या. मधल्या वेळात जागेला बोट लावू नका.

टाचणीएवढ्या भोकाला ठिगळ लागत नाही. भोकावर गोंदाचा एक थेंब ठेवा आणि काडीने रुपयाच्या नाण्याएवढा पातळ पसरवा. कडा मधल्या भागापेक्षा पातळ हव्यात, नाहीतर घडी पडताना तिथूनच सुटायला लागतं. गोंद पसरायला लागला तर भोवती कागदी मास्किंग टेपची चौकट लावा आणि गोंद घट्ट होण्यापूर्वी ती काढून घ्या.

काप असेल, म्हणजे अर्धा इंच किंवा त्याहून मोठी चीर, तर ठिगळ हवं. मॅटसोबत आलेला कापडाचा तुकडा असेल तर उत्तम. नसेल तर दुसऱ्या मेलेल्या मॅटचं कापड मिळवा. ट्रेकिंग ग्रुपमध्ये एकदा विचारून बघा, कोणाच्या ना कोणाच्या माळ्यावर एक पडलेली असते. ठिगळ चिरेपेक्षा सगळीकडून किमान २ सेंटिमीटर मोठं कापा आणि कोपरे गोल करा. चौकोनी कोपरा सगळ्यात आधी उचलला जातो. ठिगळाची टीपीयूची, म्हणजे किंचित चकचकीत आणि रबरी बाजू खाली. गोंद मॅटला नाही, ठिगळाला लावा. थर पातळ ठेवा, नाहीतर चिरेतून आत उतरून तो वरचा आणि खालचा पदर एकमेकांना चिकटवून टाकेल. चिरेच्या कडा जुळवून ठिगळ मधून बाहेरच्या दिशेने दाबत बसवा, वर बेकिंग पेपर ठेवा आणि जाडजूड पुस्तकं रचा.

मग २४ तास. ट्यूबवर ८ किंवा १२ तास लिहिलेलं असलं तरी मी २४ थांबते, उन्हाळ्यात दोन दिवस. नंतर तांदळाच्या पोत्याची परीक्षा पुन्हा घ्यायची.

व्हॉल्व्ह, शिवण आणि फुगवटा

व्हॉल्व्ह बहुतेक वेळा तुटलेला नसतो, घाण झालेला असतो. चपट्या व्हॉल्व्हमध्ये सिलिकॉनची एक पातळ झडप असते. तिच्याखाली वाळूचा एक कण अडकला तरी हवा जाते. मॅट फुगवून झडप बोटाने उघडा, हवेच्या झोताने कण बाहेर पडतो. नाही पडला तर ओल्या मऊ ब्रशने पुसा. फिरवून बंद होणाऱ्या व्हॉल्व्हच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पुसटसा हात द्या. खोबरेल किंवा व्हॅसलीन लावू नका, काही रबरं त्याने फुगतात. व्हॉल्व्हच्या बुडाशी, जिथे तो कापडाला जोडलेला असतो, तिथून हवा जात असेल तर वरच्यासारखंच पुसून भोवती गोंदाचं कडं करा.

कडेची शिवण उसवली असेल तर ती इस्त्रीने जोडता येते. रीत पुढे कापणीच्या भागात येईलच.

एक गोष्ट मात्र घरी दुरुस्त होत नाही. नळ्यांना वेगळं ठेवणारे आतले जोड सुटले की दोन नळ्या एक होतात आणि मॅटवर ढेकूळ येतं. एकदा सुरू झालं की शेजारचे जोडही सुटत जातात. वॉरंटी असेल तर ती मागा. हे होण्याचं मोठं कारण उष्णता आहे आणि माझी दुसरी मॅट मी अशीच गमावली. साल्हेरवर सकाळी गंगासागर तलावाकडे जाताना ती फुगवलेल्या अवस्थेत कातळावर वाळत टाकली. दुपारी परत आले तेव्हा कातळाला हात लावता येत नव्हता आणि मॅटच्या मधोमध उशीएवढा फुगवटा आला होता. उन्हात ठेवायची झाली तर व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा, हे मी त्या दिवशी शिकले. तुमच्या मॅटची किंमत न मोजता हे तुम्हाला कळावं असं वाटतं.

गडावर, रात्री

गोंद इथे कामाचा नाही, तो वाळेपर्यंत उजाडेल. स्वतः चिकटणाऱ्या टीपीयूच्या पारदर्शक टेपचे दोन-तीन गोल तुकडे घरूनच कापून न्या, सोबत दोन अल्कोहोल स्वॅब. भोक शोधायला टाक्याकाठी जायचं असेल तर मॅट टाक्यात बुडवू नका, ते पिण्याचं पाणी आहे. बाटलीतलं पाणी हातावर घेऊन मॅटवर फिरवा. जागा पुसा, वाळू द्या, टेपचा तुकडा तळहातात धरून गरम करा, लावा आणि चमच्याच्या पाठीने दोन मिनिटं घासा. दुसरं कोणी जागं असेल तर टॉर्च तिरका धरायला सांगा. समोरून पडलेल्या उजेडात बारीक भोक दिसत नाही, तिरक्या उजेडात कापडाची सुरकुती उठून दिसते. घरी आल्यावर ही टेप काढून पक्कं काम करा.

आणि टेप हाताशी नसेल तर? अंगाखाली रिकामी सॅक, दोर आणि जास्तीचे कपडे पसरा. वाळक्या पानांचा किंवा गवताचा बिछाना करायला जाऊ नका. त्यात विंचू असतात, फुरसंही असू शकतं.

यासाठीच नवख्यांना माझा आग्रह असतो की पहिली दोन वर्षं फुगवायच्या मॅटखाली पातळ कॅरीमॅट न्याच. ती काटा अडवते आणि थोडी ऊबही वाढवते. मॅट जमिनीची थंडी किती अडवते हे आर-व्हॅल्यू या आकड्यात सांगतात. २०१८ पासून त्याच्या मोजणीला एएसटीएम एफ ३३४० हे ठरलेलं मानक आहे, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांच्या मॅटची तुलना करता येते. दोन मॅट एकावर एक ठेवल्या की त्यांच्या आर-व्हॅल्यूंची सरळ बेरीज होते. आपल्याकडच्या हिवाळ्याला २ ते ३ पुरते. हिमालयातल्या बर्फासाठी बनवलेली ५ ची मॅट त्र्यंबकच्या डोंगरांवर वागवण्यात अर्थ नाही.

मॅट कापून छोटी करणं

आपल्या थंडीत पायाखाली मॅट नसली तरी भागतं. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत मॅट आणि पायाखाली रिकामी सॅक, एवढ्यावर छान झोप लागते. सर्वसाधारण मॅट १८३ सेंटिमीटर लांब असते. ती १२० ची केली तर जवळजवळ एक तृतीयांश कापड जातं. ४८० ग्रॅमच्या मॅटमधून साधारण १५० ग्रॅम कमी होतात आणि गुंडाळीही लहान होते. ट्रेकला बारीकसारीक करत वजन कमी करणाऱ्यांना याची किंमत कळेल. पण एकदा कात्री लावली की वॉरंटी संपली. म्हणून नवी मॅट कापू नका. जुनी, ठिगळं लावलेली किंवा कोणी टाकून दिलेली मॅट घ्या.

जोडण्यामागचं तत्त्व मला मामाच्या शेततळ्यावर कळलं. कागद अंथरायला आलेली माणसं दोन पट्ट्यांच्या कडा यंत्रातून तापवत आणि दाबत पुढे जात होती, गोंदाचा थेंबही नव्हता. तो कागद पॉलिथिलीनचा, त्याला गोंद धरतच नाही. एकाच जातीचे दोन पदर तापले, दाबले गेले आणि दाबलेल्या अवस्थेतच गार झाले की एकजीव होतात. मॅटचंही तेच आहे, कारण दोन्ही पदरांच्या आतल्या बाजूला टीपीयू असतो. (त्या कागदाचा उरलेला तुकडा मॅटला ठिगळ म्हणून लावायचा मोह होतो. तो चिकटणार नाही, जात वेगळी.)

कापण्यापूर्वी नळ्या बघा. आडव्या नळ्यांची मॅट नवख्याला सोपी. दोन जोडांच्या मधोमध, नळीच्या पोटातून कापायचं, म्हणजे जोड मध्ये येत नाही. उभ्या नळ्यांच्या मॅटमध्ये एक धोका आहे. हवा एका नळीतून दुसऱ्या नळीत जायची वाट कधी कधी फक्त पायाच्या टोकाला असते. ती कापून टाकली तर व्हॉल्व्हची हवा पुढच्या नळ्यांत पोचणारच नाही. डोक्याच्या टोकालाही वाट आहे का, हे मॅट अर्धवट फुगवून, पायाकडचं टोक घट्ट दुमडून, हवा दाबून बघा. व्हॉल्व्ह ज्या टोकाला आहे ते टोक ठेवायचं, हे सांगायला नकोच.

जमिनीवर आडवे व्हा आणि कोणाला तरी खांद्यापासून गुडघ्यापर्यंत माप घ्यायला लावा. त्यात ५ सेंटिमीटर मिळवून रेघ मारा आणि मॅट रिकामी करून कापा. जो तुकडा निघाला तो तुमची पाटी. खऱ्या मॅटला हात लावण्यापूर्वी त्याच्यावर गिरवा. मी तुकड्यावर सात पट्ट्या जोडून बघितल्या होत्या, पहिल्या तीन वाया गेल्या.

इस्त्री वाफेशिवाय, दोन ठिपक्यांवर ठेवा. इस्त्रीवरचा एक ठिपका म्हणजे साधारण ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. खाली लाकडी फळी, वर बेकिंग पेपर. किराणा दुकानातला साधा बटर पेपर घेऊ नका, त्यातला काही चिकटतो आणि कापडावर राहतो. दोन्ही पदर एकमेकांवर सरळ बसवा, सुरकुती नको. कडेच्या २ सेंटिमीटर पट्टीवर इस्त्रीची धार १० ते १५ सेकंद दाबून धरा, घासू नका. उचलली की लगेच त्या जागी स्टीलची जाड पट्टी किंवा वरवंटा ठेवून गार होऊ द्या. गरम असताना ओढून बघायची इच्छा होते, तेवढी आवरा. गार झाल्यावर दोन पदर ओढा. जोड सुटला तर उष्णता कमी पडली, थोडी वाढवा. टीपीयू कडेने वितळून आलं किंवा कापड आक्रसलं तर जास्त झाली. कापड फाटायला आलं तरी जोड सुटत नाही, असं झालं की तुमची इस्त्री जमली. तो ठिपका आणि ते सेकंद लिहून ठेवा.

मग खरी मॅट. आत चंदेरी फिल्मचा थर असेल तर तो जोडाच्या पट्टीतून ३ सेंटिमीटर आत कापा, नाहीतर टीपीयूला टीपीयू भेटणार नाही. स्पंजवाली मॅट असेल तर स्पंजही तेवढाच मागे घ्यावा लागतो. तो कापडाला चिकटवलेला असतो, म्हणून बोथट ब्लेडने धीराने खरवडायचा. स्पंजचा एक कणही जोडात राहिला तर तिथून हवा जाते. हे काम किचकट आहे, पहिल्यांदा करणार असाल तर हवेचीच मॅट निवडा. मधून सुरुवात करून दोन्ही कडांकडे जा, कोपरे गोल करा, आणि जुनी शिवण नव्या शिवणीला जिथे भेटते ती दोन टोकं दोनदा दाबा. गळती बहुतेक तिथेच निघते. जोडाच्या आतल्या बाजूने गोंदाची रेघ मारत बसू नका, त्याची गरज पडत नाही. साबणाचं पाणी लावून तपासा आणि पोत्याची परीक्षा घ्या. या वेळी दोन रात्री.

आणखी दोन छोट्या गोष्टी

तंबूत मॅट घसरत असेल तर खालच्या बाजूला बाथरूमसाठी मिळणाऱ्या पारदर्शक सिलिकॉनचे वाटाण्याएवढे ठिपके वीत-वीत अंतरावर द्या आणि दिवसभर वाळू द्या. पण सिलिकॉनवर नंतर कुठलाच गोंद धरत नाही. म्हणून ठिपके थोडेच द्या आणि ते फक्त नळ्यांच्या फुगीर भागावर द्या, शिवणीच्या जवळ नको.

तोंडाने फुगवणं कमी करा. श्वासातली ओल आत साचते आणि काही महिन्यांनी आत बुरशीचे काळे ठिपके दिसतात. पंपाची पिशवी विकत मिळते, पण कोल्ड्रिंकच्या बाटलीचा गळा कापून मजबूत प्लॅस्टिकच्या पिशवीच्या कोपऱ्यात टेपने बसवला आणि तो व्हॉल्व्हवर घट्ट बसत असेल, तर तीही चालते. पिशवीच्या तोंडातून एक लांब फुंकर मारायची, तोंड गुंडाळायचं आणि दाबायची. चार-पाच पिशव्यांत छोटी मॅट भरते.

घरी आल्यावर मॅट पुसून, व्हॉल्व्ह उघडा ठेवून सावलीत वाळवा. ठेवताना घट्ट गुंडाळू नका. स्पंजवाली असेल तर पलंगाखाली पसरून ठेवा. माळ्यावर उंदीर असतील तर मॅट पत्र्याच्या पेटीत ठेवा. ट्रेकच्या आदल्या आठवड्यात ती काढून एक रात्र तिच्यावर घरातच झोपा, म्हणजे काही निघालं तर गोंदाला पुरेसा वेळ मिळेल.